‘कॅल्विनवादी’ म्हणवून घेण्याआधी

कॅल्विनवादी म्हणजे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्विन याची शिकवण मानणारा ख्रिस्ती. हे लेबल लावायला हरकत नाही, पण आधी आपला विश्वास साध्या वाक्यांत कागदावर उतरवा: तारण कसं मिळतं, बाप्तिस्मा कोणाला द्यावा. प्रत्येक वाक्यापुढे शास्त्रवचन लिहा. वचन सुचलं नाही, तर ते मत बहुधा ऐकीव आहे.

मग लेबलमागचा मूळ दस्तऐवज वाचा. तारण देवाच्या निवडीने मिळतं असं सांगणारे कॅल्विनवादाचे प्रसिद्ध पाच मुद्दे कॅल्विनने त्या रूपात मांडलेलेच नाहीत. तो १५६४ मध्ये वारला. देवाची कृपा माणूस नाकारू शकतो असं मानणाऱ्या डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमं मांडली, आणि त्यांना उत्तर म्हणून नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेने १६१८-१९ मध्ये आपले निर्णय दिले; पाच मुद्दे त्यांतूनच आले. पाचांपैकी चारच पटत असतील, तर तसंच सांगा. इथेच पुष्कळ जण घसरतात: एकदा नाव घेतलं की न पटलेला मुद्दाही हिरिरीने लढवत बसतात.

जाणकारांच्या अभ्यासगटात एक शब्द दहा वाक्यं वाचवतो, तिथे तो जरूर वापरा. नव्या विश्वासणाऱ्यासमोर मात्र ‘देवाने कृपेने निवडलं’ असं सरळ म्हणा. ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ हे करिंथच्या मंडळीतलं, आपण कोणत्या शिक्षकाचे यावरून झालेलं भांडण (१ करिंथ १:१२) आठवा, आणि ‘तू आर्मिनियन’ असा शिक्का दुसऱ्यावर मारू नका. तो काय मानतो ते त्यालाच विचारा.