झेड-इंडेक्स ९९९९ लिहिणाऱ्यांनो, या चुका टाळा

स्टाइलशीटमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस फाइलमध्ये) ९९९९ दिसला की समजायचं, इथे कोणीतरी घाईत होतं. झेड-इंडेक्स म्हणजे एकमेकांवर आलेल्या घटकांपैकी कोण वर दिसेल ते ठरवणारा आकडा. पण ती लिलावातली बोली नाही, की जो जास्त बोलेल तो वर.

दिवाळीच्या तोंडावर एका कपड्यांच्या दुकानाची साइट माझ्याकडे आली. मेनूची उघडणारी यादी बॅनरच्या मागे लपत होती. आधीच्या मुलाने ९९ पासून सुरुवात करून थेट २१४७४८३६४७ गाठलं होतं. ब्राउझर याच्या पुढे मोजतही नाहीत. यादी मात्र होती तिथेच. दोष यादीत नव्हताच मुळी. यादी ज्याच्या आत होती त्या अख्ख्या हेडरला (पानाच्या वरच्या पट्टीला) कोणीतरी ०.९८ ओपॅसिटी, म्हणजे किंचित पारदर्शकपणा, दिली होती, झकास दिसतं म्हणून! ओपॅसिटी १ पेक्षा कमी झाली की त्या घटकाचा वेगळा स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट, म्हणजे थरांचा स्वतंत्र गट, बनतो आणि आतले आकडे आतल्या आतच मोजले जातात. हेडर शून्याच्या पातळीवर, बॅनर १ वर. मग यादीचा आकडा अब्जांत असला तरी काय उपयोग?

ओपॅसिटी काढली, पारदर्शकपणा फक्त पार्श्वभूमीच्या रंगाला दिला, हेडरला पोझिशन रिलेटिव्ह (घटक जागेवरच राहतो, पण झेड-इंडेक्स लागू होतो) आणि झेड-इंडेक्स १० दिला. संपलं. ट्रान्सफॉर्म (घटक सरकवणं, फिरवणं) आणि फिल्टरही (धूसर करण्यासारखे परिणाम) हाच घोळ घालतात. मी आकड्याला हात लावण्याआधी डेव्हटूल्स (ब्राउझरमधलं तपासणीचं साधन) उघडतो आणि एकेक पेरेंट (घटकाला वेढणारा बाहेरचा घटक) वर चढत संशयास्पद ओळींची टिक काढून बघतो. कंटाळवाणं आहे, पण हेच करा. माझ्या प्रोजेक्टमध्ये १०, २०, ३० असे मोजकेच आकडे असतात, तेही व्हेरिएबलमध्ये.

‘सवलत’ची पट्टी कार्डाच्या कोपऱ्यात हवी होती आणि पानाच्या कोपऱ्यात जाऊन बसली? कार्डाला पोझिशन रिलेटिव्ह द्या. अ‍ॅब्सोल्यूट घटक (नेमून दिलेल्या जागी बसणारा) पोझिशन दिलेला सर्वांत जवळचा पेरेंट शोधतो. कोणीच सापडलं नाही तर पानाचा आधार घेतो.

फिक्स्ड घटक (स्क्रीनवर एकाच जागी राहायला हवा तो) स्क्रोलबरोबर सरकतोय? बहुधा वर कुठेतरी ट्रान्सफॉर्म आहे.

अख्खं पान अ‍ॅब्सोल्यूट आणि पिक्सेलांनी रचणाऱ्यांना मात्र माझ्याकडे सहानुभूती नाही. ‘माझ्या लॅपटॉपवर बरोबर दिसतंय’ हे उत्तर नव्हे. घटक आपोआप मांडणारं ग्रिड २०१७ पासून मोठ्या ब्राउझरांत आहे, तसाच फ्लेक्सबॉक्स त्याच्याही आधीपासून. ते शिकायला चार दिवस लागतील म्हणून टॉप आणि लेफ्टचे आकडे ठोकायचे, आणि मग बटणावर ‘आमच्याविषयी’ लिहिलं की मजकूर बाहेर! उंची बांधून ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाणारं लपवणं) केलं असेल तर वेलांट्या आणि उकारही कापले जातात. उंची बांधू नका, पॅडिंग (मजकुराभोवतीची आतली मोकळी जागा) द्या.

स्टिकी घटक (स्क्रोल करताना वर चिकटून राहणारा) चिकटत नसेल तर आधी टॉप दिलाय का बघा. निम्म्या वेळा तोच विसरलेला असतो. नाहीतर आडवा स्क्रोल घालवायला कोणीतरी रॅपरला (त्याला वेढणाऱ्या डब्याला) ओव्हरफ्लो हिडन दिलेलं असतं. तिथे हिडनऐवजी क्लिप लिहा, आणि आडवा स्क्रोल नक्की कोणत्या घटकामुळे येतोय तेही एकदा शोधा.