सतत थकवा जाणवतोय? आधी या चुका टाळा

रक्ताचे नमुने घेण्याच्या कामात माझी १७ वर्षं गेली. बाही वर सरकवता सरकवता माणसं बोलतात आणि त्यातलं निम्मं बोलणं एकच असतं: "सारखं गळून गेल्यासारखं होतं हो, म्हटलं सगळ्या तपासण्या एकदा करून टाकू." मी विचारते, कधीपासून होतंय? सकाळी जास्त की संध्याकाळी? जिना चढताना धाप लागते का? उत्तर नसतं. दोन महिने टॉनिक घेऊन झालेलं असतं, कुणीतरी सांगितलेली इंजेक्शनंही झालेली असतात. हे साधे प्रश्न मात्र कुणी स्वतःला विचारलेले नसतात.

सगळ्याला "वीकनेस" म्हणणं

घरात बोलताना आपण तीन वेगळ्या गोष्टी बरोबर सांगतो: "झोप येते", "अंगात त्राण नाही" आणि "काही करावंसंच वाटत नाही". डॉक्टरांसमोर बसलं की तिन्हींचा एकच "वीकनेस" होतो. बसल्या जागी डोळे मिटत असतील तर झोपेतच काहीतरी बिघडलंय का, ते आधी बघायला हवं. दहा पायऱ्यांत पाय जड होत असतील तर रक्त, थायरॉइड, हृदय, फुप्फुसं यांच्याकडे लक्ष जातं. आवडत्या कामातही मन लागत नसेल आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्याला आळस म्हणू नका, त्यावर उपचार आहेत. हे तिन्ही एकमेकांत मिसळतातही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

मी ओळखीच्या प्रत्येकाला दोन आठवडे वही लिहायला सांगते. किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, थकवा दिवसात कधी आला, कोणती औषधं चालू आहेत, एवढंच लिहायचं. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधंसुद्धा मरगळ आणतात. ती आपल्या मनानं बंद करायची नाहीत, डॉक्टरांना विचारायचं.

हिमोग्लोबिन वाढलं की गोळ्या बंद

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलते. माझं हिमोग्लोबिन ९.४ झालं होतं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, दीड महिन्यात आकडा १२.१ वर आला. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ ही खालची मर्यादा धरतात, पुरुषांसाठी १३. म्हटलं झालं काम, आणि गोळ्या थांबवल्या. पाच महिन्यांत पुन्हा तेच: जिन्यात मध्येच उभं राहावं लागे, केस गळत, कामावर डोकं चालत नसे. पुन्हा गोळ्या, पुन्हा बरं वाटलं, पुन्हा बंद. असं दोनदा झालं.

तिसऱ्या खेपेला एका डॉक्टरबाईंनी फेरिटिन तपासायला लावलं. शरीरानं साठवून ठेवलेल्या लोहाचा अंदाज त्यावरून येतो. ते निघालं ६. निरोगी प्रौढ माणसात ते १५ च्या खाली गेलं तर साठा संपला असं धरतात. म्हणजे मी रोजच्या खर्चापुरतं लोह घेत होते आणि कोठार रिकामंच होतं. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, त्या या साठ्यासाठी.

पण खरा प्रश्न त्यांनी पुढे विचारला, "लोह जातंय कुठे?" पाळीत अंगावरून किती जातं, गाठी पडतात का, किती वेळा पॅड बदलावं लागतं. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे कर्करोगाची नसलेली साधी गाठ, निघाला. त्याच्यावर उपचार झाले, सहा महिने गोळ्या घेतल्या, तेव्हा कुठे फेरिटिन ५८ वर आलं आणि माझी मी मला परत मिळाले. तीन वर्षं गेली यात. गळक्या टाकीत पाणी ओतत होते मी.

पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या बाईमध्ये लोह कमी निघालं तर नुसत्या गोळ्या घेऊन बसणं आणखी धोक्याचं. पोटात किंवा आतड्यात कुठे रक्तस्राव होतोय का, हे बघायलाच हवं. आणि गोळी चहा-कॉफीबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही. शौचाला काळपट होतं म्हणून घाबरून बंद करणारेही पुष्कळ भेटतात. लोहाच्या गोळीनं तसं होतंच. शौच डांबरासारखं काळं आणि चिकट असेल तर मात्र लगेच दाखवा.

तपासणीच बिघडवून येणं

बी १२ चं इंजेक्शन घेऊन दुसऱ्या दिवशी बी १२ तपासायला येतात. आकडा चांगलाच येणार, त्यातून कळणार काय? केस-नखांसाठी बायोटिन घेणाऱ्यांच्या थायरॉइडच्या चाचण्या चुकीच्या येऊ शकतात, ते आधी निदान दोन दिवस बंद ठेवावं. अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन वाढलेलं दिसतं आणि कमतरता झाकली जाते. थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलून पंधरा दिवसांत टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करायला येऊ नका, त्याला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेत असाल तर बी १२ तपासायला डॉक्टरांना आठवण करा.

"सगळे रिपोर्ट नॉर्मल" म्हणून शोध थांबवणं

माझ्या दादाचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. आठ तास झोपायचा आणि सकाळी उठायचा तो डोकं जड घेऊनच. दुपारी खुर्चीत पेंगायचा, एकदा गाडी चालवताना डोळा लागला. घोरणं म्हणजे गाढ झोप, असं घरात सगळे मानून चालले होते. वहिनीनं एका रात्री मोबाइलवर त्याचा आवाज टिपला: घोरणं, मग एकदम शांतता, मग गुदमरल्यासारखा हुंदका. तो ऐकून मला धडकी भरली.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू क्षणभर जागा होतो. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत तासाला श्वासाचे पाचपेक्षा कमी अडथळे चालतात, झोपेच्या तपासणीत दादाचे ३८ निघाले. हा बिघाड कुठल्याच रक्ततपासणीत दिसत नाही. आता रात्री तो सीपॅप यंत्र लावतो, ते मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. पहिल्या आठवड्यात मास्क काढून फेकायचा, वहिनी पुन्हा लावायची. महिन्याभरानं त्याचं दुपारचं पेंगणं गेलं. अशा माणसानं झोपेची गोळी किंवा दारू घेतली तर घसा आणखी सैल पडतो. सडपातळ माणसांना आणि बायकांनाही हे होतं, बरं.

बाकीच्या चुका थोडक्यात

संध्याकाळी पाचला कॉफी: रात्री दहाला तिच्यातलं जवळजवळ अर्धं कॅफीन अंगात शिल्लक असतं.

आठवडाभर पाच तास झोपून रविवारी बारापर्यंत लोळणं: त्यानं सोमवार आणखी बिघडतो. उठायची वेळ रोज एकच ठेवा, मी तरी तसंच करते.

ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या स्वतःच चालू ठेवणं: रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

पहिल्याच दिवशी तासभर व्यायाम: दहा मिनिटं चालण्यापासून सुरू करा. पण जरा श्रम झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरूणच धरावं लागत असेल आणि असं महिनोन्‌महिने चाललं असेल, तर जोर लावू नका. तो एमई/सीएफएस नावाचा वेगळा आजार असू शकतो. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेनं २०२१ मध्ये या रुग्णांना ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये असं स्पष्ट सांगितलं.

आणि थकव्याबरोबर कारण नसताना वजन उतरत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, रात्री घामानं कपडे भिजत असतील तर ती दोन आठवड्यांची वही लिहीत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. छातीत दुखत असेल, आडवं झाल्यावर दम कोंडत असेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर त्याच दिवशी जा, आणि एकटे जाऊ नका.