दिनार भारी, येन हलका? आधी जेवणाचा भाव विचारा

सोलापूरच्या अशोक चौकातल्या टपरीवर परवा एक पोरगा सांगत होता, “कुवैतचा दिनार जगात सगळ्यात महाग, तिकडंच जायचं.” एका दिनारला अडीचशेच्या वर रुपये मिळतात, हे खरंच. पण जपानी येन एका रुपयाहूनही स्वस्त आहे. म्हणून जपान गरीब झाला का? चलनाचं एकक किती मोठं ठेवायचं, हा ज्या त्या देशाचा हिशेब. दिनारचे 1000 फिल्स होतात, आपल्या रुपयाचे 100 पैसे. तुर्कस्ताननं तर 2005 मध्ये लिऱ्यावरची सहा शून्यं पुसली, आणि त्यानं कुणी रातोरात श्रीमंत झालं नाही.

म्हणून नोकरीची ऑफर आली की नुसता पगार गुणू नका. तिथं एक वेळचं जेवण, खोलीचं भाडं आणि बसचं तिकीट केवढ्याला, ते आधी विचारा. महिन्याचा खर्च त्याच चलनात वजा करा आणि उरेल त्याचेच रुपये करा. सोलापुरात त्या रुपयांत किती महिने घर चालेल, ते घरच्यांना विचारा. त्यांचा हिशेब आपल्यापेक्षा पक्का असतो.

आणखी एक. मोबाइलवर दिसतो तो चलनाचा मधला दर, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या मधला. पैसे बदलायच्या काउंटरवर खरेदीचा वेगळा, विक्रीचा वेगळा. टॉवेल परदेशी धाडणाऱ्यांना हे पाठ असतं. दराचं सोडा, “सगळं कापून हातात किती?” एवढंच विचारा.