संशोधन केंद्रातलं तंत्रज्ञान विकत घेताय? या चुका टाळा

पेटंटचा परवाना मिळाला की तंत्रज्ञान हाती आलं, ही सगळ्यांत महागात पडणारी समजूत. पेटंटमध्ये कृती लिहिलेली असते, पण ती जमवण्याची हातोटी संशोधकांकडेच राहते. कोणत्या प्रतीचा कच्चा माल चालत नाही, तापमान कुठे घसरलं की घाणा बिघडतो, कोणते प्रयोग फसले, हे कुठेच छापलेलं नसतं. त्यामुळे करारात संशोधकांचे प्रत्यक्ष दिवस मागा, फसलेल्या प्रयोगांच्या नोंदीही मागा. तुमच्या जागेत, तुमच्या माणसांनी चाचणी उत्पादन काढून दाखवल्याशिवाय मोठा हप्ता सोडू नका. मुख्य संशोधक मध्येच नोकरी सोडून गेला तर काय, तेही आधीच ठरवा. हे कलम मागताना संकोच वाटतो, पण मागाच.

मालकी गृहीत धरणं ही दुसरी चूक. सरकारी पैशातून झालेल्या शोधाचा हक्क आपोआप विद्यापीठाकडे जात नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ विरुद्ध रोश औषध कंपनी या खटल्यात दिला. तिथे संशोधकाने एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करताना शोधाचे हक्क तिला देणाऱ्या कागदावर सही केली होती. म्हणून प्रत्येक संशोधकाचं हस्तांतरणपत्र स्वतः वाचा. पाहुणे संशोधक आणि विद्यार्थीही त्यात आले.

शोध पहिल्यांदा जाहीर कधी झाला, हेही विचारा; पेटंट अर्जाआधीच जाहीर झाला असेल तर हक्क जाऊ शकतो. अमेरिकी शास्त्रज्ञ कोहेन आणि बॉयर यांचा जनुक-जोडणीचा निबंध १९७३ मध्ये छापून आला आणि पेटंट अर्ज नोव्हेंबर १९७४ मध्ये गेला. अमेरिकेत वर्षभराची सवलत असल्याने तिथे निभावलं, बाहेरच्या देशांतले हक्क मात्र गेले. हक्क जायला परिषदेतलं पोस्टर किंवा खुला ठेवलेला प्रबंधही पुरेसा ठरू शकतो.

प्रयोगशाळेतला आकडा कारखान्यात टिकेल असं धरून गुंतवणूक करू नका. भांड्याची प्रत्येक बाजू दहापट केली की घनफळ हजारपट होतं, पृष्ठभाग मात्र शंभरपटच. उष्णता बाहेर पडायला जागा कमी पडते आणि अभिक्रिया हाताबाहेर जाते. तंत्रज्ञान वापरासाठी किती तयार आहे हे सांगणाऱ्या ९ पायऱ्यांच्या तंत्रसज्जता मोजपट्टीवर प्रयोगशाळेतली खात्री म्हणजे चौथी पायरी. पुढच्या पाच पायऱ्यांचा खर्च कोण उचलणार, हे आताच विचारा.

एकाधिकार परवाना, म्हणजे फक्त तुम्हालाच मिळणारा, हवाच असेल तर वापराचं क्षेत्र आणि मुदत नेमकी लिहा. केंद्र तुमच्याकडून कामाचे ठरावीक टप्पे गाठण्याचं वचन मागेल, तेव्हा पेलतील तेवढेच कबूल करा. चुकलात तर परवानाच जाऊ शकतो.