परदेशी क्लबचे पाहुणे येण्याआधी: तयारीची यादी

यंदाच्या हिवाळ्यात तुमच्या रोटरी क्लबकडे फ्रेंडशिप एक्सचेंजचा, म्हणजे परदेशातल्या रोटरी सभासदांचा पाहुणा गट येणार असेल, तर यादीत पहिलं नाव हारवाल्याचं लिहू नका. पहिलं नाव प्लंबरचं लिहा.

मी सचिव होते त्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावात असा गट चार दिवस राहून गेला. ज्या परदेशी क्लबबरोबर आम्ही ग्लोबल ग्रँटमधून (दोन देशांतल्या क्लबांच्या सामाईक प्रकल्पासाठीचं रोटरीचं अनुदान) जिल्हा परिषदेच्या शाळांत स्वच्छतागृहं आणि हात धुण्याचे ओटे बांधले होते, त्याच क्लबची ही माणसं. दिवाळी झाल्यापासून आम्ही फेटे, हॉल, जेवणाचा बेत यांत गुंतलो आणि शाळेकडे फिरकलो ते गट यायच्या तीन दिवस आधी. एका ओट्यावरच्या आठ नळांपैकी तीन नळांना पाणीच नव्हतं. शाळेने कळवलं नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं. चूक सर्वस्वी आमची. ही यादी त्या तीन नळांमुळे लिहिली आहे.

म्हणून किमान दोन महिने आधी, फोन न करता, शाळा सुरू असताना जा. सोबत कॅमेरा नेण्यापेक्षा वही न्या. पहिलीतल्या मुलाचा हात नळापर्यंत पोचतो का, साबण आहे का आणि तो संपल्यावर कोण आणतं, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आतून लागते का, किल्ली कोणाकडे असते आणि ते माणूस रजेवर असेल तर काय होतं, हे स्वतः बघा. टाकी शेवटची कधी धुतली ते विचारा. मोटारीचं वीजबिल कोण भरतं ते विचारा. बंद पडलेल्या कितीतरी प्रकल्पांची सुरुवात न भरलेल्या बिलापासून होते. हिवाळ्यात पाणी असतंच, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये काय परिस्थिती असते ते मुख्याध्यापकांना नाही, मधल्या सुट्टीत मुलींना विचारा. त्या खरं सांगतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या सदस्याला बरोबर घ्या, म्हणजे दुरुस्तीची जबाबदारी तिथल्या तिथे वाटून घेता येते.

जे मोडलं असेल ते दुरुस्त करा आणि काय मोडलं होतं ते भागीदार क्लबला आधीच पत्राने कळवा. आमच्या काही ज्येष्ठांना हे पटलं नाही. घरची भांडणं बाहेर कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. पण ती माणसं बाहेरची नाहीत. ग्लोबल ग्रँटमध्ये दोन बाजू असतात, एक जिथे काम होतं तिथला क्लब किंवा डिस्ट्रिक्ट (रोटरीचा अनेक क्लबांचा विभाग) आणि दुसरी परदेशातली. दोघांनी मिळून किमान 30,000 डॉलरचा प्रकल्प उभा करायचा आणि रोटरी फाउंडेशनने त्यात आपल्या निधीतून भर घालायची. 1917 साली रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी मांडलेल्या या निधीच्या कल्पनेत पहिली देणगी पडली ती साडेसव्वीस डॉलरची. आजही त्या निधीत कुणा निवृत्त शिक्षकाने दिलेले पैसे असतात. त्यांना नळाची खरी अवस्था कळलीच पाहिजे.

कागदपत्रांची फाइल याच वेळी काढून ठेवा. मूळ बिलं, दरपत्रकं, दोन सह्यांनी चालणाऱ्या खात्याचं पासबुक, शाळेशी झालेला करार, दरवर्षीचे अहवाल. ग्रँटची कागदपत्रं किमान पाच वर्षं जपावी लागतात आणि क्लबमध्ये सचिव दर जुलैला बदलतो, त्यामुळे अर्धे कागद माजी अध्यक्षांच्या कपाटात आणि अर्धे खजिनदारांच्या दुकानात सापडतात. पाहुणे फाइल मागतीलच असं नाही. मागितली तर पाच मिनिटांत समोर आली पाहिजे.

आता घरं. फ्रेंडशिप एक्सचेंजला येणारी माणसं प्रवासाचा खर्च स्वतः करतात आणि मुक्काम रोटेरियनांच्या घरी असतो. हॉटेल सोपं पडतं, पण मग एक्सचेंज उरत नाही, नुसती सहल होते. यजमान घर निवडताना मोठा बंगला कोणाचा हे बघू नका. घरात संध्याकाळी गप्पा मारायला माणसं असतात का ते बघा. गटात साठी-सत्तरीची माणसं असतात, तेव्हा जिने किती आहेत, कमोड आहे का, रात्री उठल्यावर दिव्याचं बटण सापडेल का, हे पाहा. इन्व्हर्टर, मच्छरदाणी, उकळून गार केलेलं पाणी, एवढं पुरे. नवीन पडदे लावू नका.

परदेशी माणूस खाजगी घरात उतरला तरी यजमानाने तो आल्यापासून 24 तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची सरकारला माहिती देणारा फॉर्म (ज्याला फॉर्म सी म्हणत आले आहेत तो) भरायचा असतो. हे बऱ्याच घरांना माहीत नसतं. तो ऑनलाइन भरता येतो, पण घरमालकाची नोंदणी आधी करावी लागते, आणि ती आयत्या वेळी करायला बसलं की नेमकं नेट जातं. पंधरा दिवस आधी सगळ्या यजमानांना एका संध्याकाळी क्लबच्या खोलीत बसवून नोंदणी उरकून टाका. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती पाहुण्यांकडून आधीच मागवा आणि काम झालं की त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडून राहणार नाहीत याची काळजी घ्या.

जेवणाबद्दल जरा सविस्तर लिहिते. पाहुण्यांकडून आहाराचा तक्ता भरून घेतला की आपण ‘शाकाहारी, मांसाहारी, तिखट कमी’ एवढं वाचतो आणि ॲलर्जीच्या रकान्यावरून नजर फिरवून पुढे जातो. पश्चिम महाराष्ट्रात शेंगदाण्याचं कूट कशात नसतं? कोशिंबिरीत असतं, भरल्या वांग्यात, साबुदाण्याच्या खिचडीत, आमटीत दाटपणासाठी, आणि चटणी तर शेंगदाण्याचीच. आमच्याकडे एका बाईंना काकडीच्या कोशिंबिरीने ओठ सुजून दवाखान्यात न्यावं लागलं. ज्या घरी जेवण होतं त्या वहिनींना कोणी तक्ता दाखवलाच नव्हता. तो माझ्या पर्समध्ये होता. तेव्हापासून माझं सांगणं असं की तक्ता सचिवाकडे नाही, स्वयंपाकघराच्या भिंतीवर हवा, मराठीत, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना वाचता येईल अशा अक्षरात. तेलही विचारा, कारण शेंगदाणा तेल आपल्याला वेगळं काही वाटतच नाही. बाकी पास्ता वगैरे करायच्या भानगडीत पडू नका. ज्वारीची भाकरी थापताना बघायला ती माणसं ओट्याशी तासभर उभी राहतात. फक्त त्यांची जेवणाची वेळ संध्याकाळी सहा-सातची आणि आपली नऊची, तेव्हा मध्ये काहीतरी खायला ठेवा.

सभेची तयारी वेगळी. 1905 साली शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन मित्र पहिल्यांदा भेटले, ते एकाच्या कचेरीत. पुढे आळीपाळीने प्रत्येकाच्या कामाच्या जागी भेटत गेले, म्हणून नाव रोटरी. परक्या शहरात माणसांना मित्र मिळावेत एवढाच सुरुवातीचा हेतू होता. मला वाटतं, परदेशी पाहुण्यांसाठी सभा ठरवताना हे आठवावं. आपल्याकडे मंच उभारला जातो, पाच खुर्च्या लागतात, पाहुणे वर आणि सभासद खाली, आणि दीड तासापैकी एक तास शाल-श्रीफळात जातो. त्याऐवजी गोल टेबलं मांडा. प्रत्येक टेबलावर दोनच पाहुणे बसवा, आणि तेही आपापल्या व्यवसायबंधूंजवळ: दंतवैद्याशेजारी दंतवैद्य, द्राक्षवाल्याशेजारी शेतकरी. नावाच्या पट्ट्या देवनागरी आणि रोमन दोन्हीत, मोठ्या अक्षरात, खाली व्यवसाय.

घंटा आणि हातोडा जागेवर आहे का ते सार्जंट-ॲट-आर्म्सने, म्हणजे सभेची व्यवस्था पाहणाऱ्या सभासदाने, आदल्या दिवशी बघावं. दोन्ही देशांची राष्ट्रगीतं लावायची असतील तर त्यांच्या राष्ट्रगीताची ध्वनिफीत त्यांच्याकडूनच मागवा. इंटरनेटवर सापडलेलं कोणतंही गाणं लावू नका. पाहुण्यांशी बॅनरची अदलाबदल करण्यासाठी आपल्या क्लबचे बॅनर शिल्लक आहेत का ते महिनाभर आधी मोजा. फोर-वे टेस्ट, म्हणजे वागण्याची कसोटी पाहणारे रोटरीचे चार प्रश्न, सर्वांनी मिळून म्हणायची असेल तर मराठीत म्हणा. हर्बर्ट टेलर यांनी 1932 साली दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरची कंपनी सावरताना हे चार प्रश्न लिहिले. ‘हे सत्य आहे का’ हा त्यातला पहिला. दुभाषी ठरवा, आणि वक्त्यांना सांगा की दोन वाक्यांनंतर थांबायचं. आमचे एक माजी अध्यक्ष उत्तम बोलतात, पण थांबत नाहीत. त्यांच्या शेजारी मी दुभाषी म्हणून त्यांच्याच मुलीला उभं केलं आणि सगळं सुरळीत झालं.

एक गोष्ट मनापासून सांगते. औक्षण, रांगोळी, सूत्रसंचालन एवढीच कामं महिला सभासदांना देऊ नका. स्त्रियांना रोटरीची दारं 1989 साली उघडली. येणाऱ्या गटाचं नेतृत्व बऱ्याचदा एखादी बाईच करत असते, आणि प्रकल्पाचा हिशेब ज्या सभासद बाईंनी ठेवला त्यांनीच तो सांगावा.

फेलोशिप म्हणजे सभेनंतरचं जेवण असा आपल्याकडे अर्थ झालाय. असू दे. पण त्या जेवणात ध्वनिवर्धक बंद ठेवा, म्हणजे माणसं एकमेकांशी बोलतील. आमचा पुढचा प्रकल्प असाच पिठलं खाताना निघाला: गटातल्या एका निवृत्त परिचारिकेने विचारलं, शाळेत मुलींना पाळी आली तर कपडा किंवा पॅड कुठे टाकतात? आमच्यापैकी कोणालाही उत्तर माहीत नव्हतं.

मुक्कामात पोलिओचा रविवार येत असेल तर फार चांगलं. तारीख सरकार ठरवतं, तेव्हा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आधी भेटा आणि पाहुण्यांना कोणत्या बूथवर न्यायचं ते त्यांनाच ठरवू द्या. एसटी स्टँडचा बूथ मला आवडतो, कारण तिथे प्रवासातली, ऊसतोडीला निघालेली मुलं सापडतात. पाहुण्यांना आदल्या रात्री शिकवून ठेवा: डोस पाच वर्षांखालच्या मुलांना, दोन थेंब, सिस्टर सांगतील तसे, कुपीवरच्या वर्तुळातला चौकोन वर्तुळाइतका गडद झाला असेल तर ती कुपी वापरायची नाही, लस बर्फाच्या डब्यातून गरजेपुरतीच बाहेर काढायची, डोस झाला की डाव्या करंगळीला शाई. आपल्या सभासदांनाही हे शिकवा. भारतातला रानटी विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, मग अजून थेंब का, असं पाहुणे विचारतातच. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात विषाणू आहे, आणि तो तिकिट काढून येत नाही. 1985 पासून रोटरीने हे काम अंगावर घेतलंय; त्यात आशाताई आणि अंगणवाडी सेविकांचे पाय झिजलेत. बूथवर पाहुण्यांची ओळख त्यांच्याशी करून द्या, त्यांची नावं घेऊन. दुपारचा डबा त्यांच्यासाठीही न्या.

फोटोंचं आधी ठरवा. थेंब घेताना रडणाऱ्या मुलाचा फोटो आईला विचारल्याशिवाय काढायचा नाही. शाळेत स्वच्छतागृहासमोर मुलींना उभं करून फोटो अजिबात नको. लेझीम ठेवायची असेल तर दहा मिनिटं, सावलीत, आणि मुलांना आधी खायला देऊन. मुलांना तासभर उन्हात ताटकळत ठेवलेलं मी पाहिलंय. त्या स्वागतात पाहुण्यांचीही मान खाली गेली होती.

देणगीचा विषय मुक्कामात काढू नका. नवीन प्रस्ताव असेल तर तो नंतर, डिस्ट्रिक्टच्या फाउंडेशन समितीला विचारून, कागदावर पाठवा.

गट गेल्यावर दुसऱ्याच दिवशी सगळे दमलेले असतात, तरी त्याच आठवड्यात सभा घ्या. यजमान घरांचा खर्च, राहून गेलेली औषधं आणि चार्जर, पाठवायचे फोटो, आभाराची पत्रं, सगळं एका वहीत लिहून नव्या सचिवाच्या हातात द्या. आणि पाहुण्यांनी विचारलेले पण आपल्याला उत्तर न आलेले प्रश्न वेगळ्या पानावर लिहा. आमच्या पानावर पाच होते. पॅडच्या प्रश्नासाठी पुढच्या सोमवारी आम्ही तिघीजणी, फोन न करता, मधल्या सुट्टीत शाळेत गेलो.