हलकी स्पोर्ट्स कार टेस्ट ड्राइव्हला घेताय? माझदा एमएक्स-५ चालवताना काय काय बघायचं

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या ओळखीतल्या तिघांनी वर्षभरात मला हेच विचारलं, की एमएक्स-५ बघायला चाललोय, टेस्ट ड्राइव्हमध्ये नेमकं बघायचं काय? तिघांना फोनवर जे सांगितलं ते आता सलग लिहून ठेवते. मी मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्टला राहते, त्यामुळे रस्ते माझ्या बाजूचे आहेत, पण पद्धत कुठेही चालेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ही गाडी जोरात पळवून कळत नाही. दोन सीटची, कापडी छप्पर उघडता येणारी ही गाडी, २०१५ पासून विकली जाणारी चौथी पिढी, वजन हजार किलोच्या जरासं वर, आणि आजकालच्या फॅमिली एसयूव्ही सहज दीड टनाच्या असतात. एवढ्या हलक्या गाडीची खरी मजा ब्रेक लावताना, वळताना, गिअर टाकताना तिचं वजन इकडून तिकडे कसं जातं त्यात आहे, आणि ते ताशी ४० मैलांवरही व्यवस्थित कळतं. आपल्यातले कितीतरी जण मारुती ८०० वर शिकलेत, ती जेमतेम साडेसहाशे किलोची होती, स्टिअरिंग नुसतं हलवलं की नाक लगेच वळायचं, आठवतंय ना? तेच शोधायला जायचंय. आणि वेगाचं म्हणाल तर २ लिटरचं इंजिन ७,५०० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, फिरतं आणि दुसऱ्याच गिअरमध्ये ६० मैल ओलांडतं, म्हणजे दुभाजक नसलेल्या रस्त्याची कायदेशीर मर्यादा दुसऱ्या गिअरमध्येच संपली. पुढे बघण्यासारखं काही उरतच नाही.

१. जायच्या आधी फोन

मी एका शोरूममध्ये न विचारता गेले होते. सेल्समन शेजारी बसला, रिंग रोडवरून बारा मिनिटांची एक चक्कर झाली, त्यातला निम्मा वेळ तो स्क्रीन आणि फायनान्सबद्दल बोलत होता, आणि घरी आले तेव्हा गाडी कशी आहे ते मला काहीच सांगता येत नव्हतं. फार वाईट वाटलं होतं, कारण सहा महिने त्या दिवसाची वाट बघितली होती. म्हणून फोनवरच विचारा: एक तास मिळेल का, एकटीला किंवा एकट्याला नेता येईल का, रस्ता माझ्या पसंतीचा चालेल का. नाही म्हणाले तर दुसरी शोरूम बघा, खुशाल.

इंजिन कुठलं तेही सांगा. १.५ लिटर १३२ हॉर्सपॉवरचं आणि २ लिटर १८४ चं, दोन्हींचा स्वभाव वेगळा. टायरसुद्धा १.५ ला १६ इंची आणि २ लिटरला १७ इंची, शिवाय काही २ लिटर मॉडेल्सना बिलस्टीन कंपनीचे शॉक ॲब्सॉर्बर आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (मागचं एकच चाक फुकट फिरू न देणारा भाग) मिळतं. तेव्हा "दोन्ही सारखंच आहे मॅडम, हीच चालवून बघा" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

२. कागद आणि पैसे

लायसन्स न्या, आणि सरकारी साइटवरून चेक कोड (ज्याने शोरूमला तुमच्या लायसन्सची नोंद बघता येते) काढून ठेवा, तो २१ दिवस चालतो. नुकतेच भारतातून आला असाल तर इथे राहायला लागल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते, पण शोरूमच्या इन्शुरन्सला ते चालेल असं नाही, वयाची अटही असू शकते, म्हणून आधीच विचारलेलं बरं. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: गाडी ठोकली तर पहिले किती पाउंड माझ्या खिशातून जाणार? हा आकडा लेखी मागा. सही करताना कागद वाचा, सेल्समन घाई करत असला तरी.

स्पीड कॅमेऱ्यात सापडलात तर नोटीस शोरूमला येते आणि ते तुमचं नाव कळवतात, दंडाचे पॉइंट्स तुमच्याच लायसन्सवर. फोन हातात धरून व्हिडिओ काढायचा तर विचारही नको, २०० पाउंड दंड आणि ६ पॉइंट्स, आणि लायसन्स मिळून दोन वर्षं झाली नसतील तर ६ पॉइंट्समध्ये ते रद्दच होतं. वेल्सच्या बाजूला जाणार असाल तर वस्तीत २० मैलांची मर्यादा आहे, सप्टेंबर २०२३ पासून.

३. उभ्या गाडीत दहा मिनिटं

ही पायरी सगळे सोडून देतात आणि इथेच सगळ्यात जास्त कळतं. पातळ तळव्याचे, अरुंद बूट घालून जा, कारण पेडल जवळजवळ आहेत आणि जाडजूड ट्रेकिंगच्या बुटात ब्रेकबरोबर ॲक्सिलरेटरही दाबला जातो. बसल्यावर क्लच पूर्ण दाबा, गुडघा तेव्हाही थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचतं का बघा. २०१८ च्या बदलानंतर स्टिअरिंग पुढेमागेही होतं, त्याआधी फक्त वरखाली व्हायचं, म्हणून जुनी गाडी बघणाऱ्यांनी हे नक्की तपासा.

मग छप्पर. ते हाताने उघडायचं, काचेच्या वर मधोमध एक खटका आहे, तो सोडायचा आणि छप्पर मागे ढकलून दाबायचं. हे बसल्या जागेवरून तुम्हाला स्वतःला जमतंय का, तीनदा करून बघा. माझा खांदा दुखरा आहे तरी मला जमतं, पण माझ्या बहिणीला ओढून परत लावताना त्रास झाला. छप्पर लावल्यावर डोकं टेकतं का तेही बघा, माझा नवरा सहा फूट आहे, त्याच्या केसांना कापड लागतं.

डिकी १३० लिटरची, आणि स्टेपनी नाही, पंक्चर किट मिळतं. नुसतं बघून अंदाज येत नाही म्हणून घरूनच दोन छोट्या बॅगा न्या आणि ठेवून बघा, लाज कसली त्यात.

४. पहिली पंधरा मिनिटं गावात, हळू

इंजिन थंड असताना ३,००० आरपीएमच्या वर जाऊ नका. टेम्परेचरचा काटा मधे आला तरी तो कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा असतो, ऑइल गरम व्हायला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. गाडी तुमची नसली म्हणून काय झालं, पुढे कोणीतरी ती विकत घेणारच आहे.

तेवढ्या वेळात क्लच कुठे पकडतो ते शिका. गिअरचा दांडा आखूड आहे, मनगटाच्या हालचालीत गिअर पडतो, आणि तो पडताना हाताला जो कट्ट जाणवतो त्यासाठीच लोक ही गाडी घेतात असं माझं प्रामाणिक मत आहे. स्पीड ब्रेकर, पार्किंगचा रॅम्प, तिरक्या कोनात मिळणारा चौक, हे सगळं मुद्दाम रस्त्यात घ्या. छप्पर लावलेलं असताना मागच्या खांद्यावरून फार कमी दिसतं आणि तिरक्या चौकात ते जाणवतं. तुम्ही एवढे खाली बसलेले असता की बाजूच्या ट्रकचं चाक तुमच्या डोक्याएवढ्या उंचीवर येतं, म्हणजे ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नसण्याची शक्यता भरपूर, त्याच्या शेजारी रेंगाळू नका.

५. खराब रस्ता शोधा

हिवाळ्यानंतर इथल्या रस्त्यांना खड्डे पडतात, आणि गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. ठिगळं लावलेल्या रस्त्यावर ३० मैलांनी, छप्पर लावून, रेडिओ बंद करून जा. कुठून खडखड येते का ऐका. हलकी गाडी खड्ड्यावरून जड गाडीसारखी दडपून जात नाही, थोडी उडी मारते, तुमच्या पाठीला ते चालेल की नाही हे फक्त तुम्हीच ठरवू शकता.

६. वळणं

यासाठीच तर आलोय. माझ्या बाजूचे लोक मॅकल्सफील्ड ते बक्सटनचा ए५३७ रस्ता म्हणजे कॅट अँड फिडल सुचवतात, पण तिथे ५० ची मर्यादा आणि सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, सगळं लक्ष वेगाच्या काट्यावर जातं. मला ए५७ आवडतो, ग्लॉसपवरून स्नेक पास हा घाट चढून लेडीबावर धरणापर्यंत. दरडींमुळे तिथे अधूनमधून रस्ता बंद किंवा अरुंद असतो, निघण्याआधी बघून घ्या. कामाच्या दिवशी सकाळी दहानंतर जा, शनिवार-रविवारी सायकलवाले आणि मोटारसायकलवाले खूप असतात. सायकलला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर ठेवायचं, जागा नसेल तर मागे थांबायचं.

आता करायचं काय, तर वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर ब्रेक लावून वेग आणि गिअर ठरवून घ्या, मग ब्रेक हळू सोडत स्टिअरिंग वळवा, मधे ॲक्सिलरेटर स्थिर, आणि स्टिअरिंग सरळ होत जाईल तसा वाढवा. पहिल्या दोन वळणांत गाडी एका बाजूला बरीच कलते आणि नवीन माणूस दचकतो. तो दोष नाही, ती तशीच बनवलीय, कललेली गाडी क्षणभर स्थिरावू द्या आणि मग बघा पुढची चाकं काय करतायत ते हाताला आणि मागची काय करतायत ते कमरेला कसं कळतं, कारण तुम्ही जवळजवळ मागच्या चाकांवरच बसलेले असता. मी हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा वेग ४५ मैल होता, त्याहून जास्त नाही, आणि लेडीबावरला गाडी थांबवली तेव्हा डोळ्यात पाणी होतं.

वरंधा, कुंभार्ली असे घाट चालवलेल्यांना वळणाची नजर असते, तिचा उपयोग होतोच, फक्त प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवायची सवय इथे सोडा. जितका रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग, कारण माळावर मेंढी रस्त्यात उभी असू शकते. मागे कोणी चिकटलं तर बाजूला घेऊन त्याला जाऊ द्या. आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) बंद करायचं बटण दाबू नका, ओल्या रस्त्यावर तर नाहीच, अशी इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाणारी गाडी ओल्या वळणात ॲक्सिलरेटर जास्त दाबला की मागून घसरते.

ब्रेक बघायचे असतील तर आरसा बघा, मागे कोणी नसताना सरळ रस्त्यावर ४० वरून २० वर या. बस.

७. मोटरवे, कंटाळवाणा पण हवाच

छप्पर लावून ७० मैलांनी पंधरा मिनिटं जा आणि शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोला. इथे ही गाडी कमी पडते, मी लपवणार नाही. कापडी छतातून वारा आणि टायर दोन्ही ऐकू येतात. रोज ऑफिसला चाळीस मैल जाणाऱ्या मित्राने इथेच विचार बदलला आणि त्याचं बरोबर होतं.

८. परत आल्यावर

त्या दिवशी सही करू नका. पार्किंगमध्येच दहा मिनिटं बसून लिहा: गुडघा, मान, कान, खांदा, आणि कुठल्या क्षणी हसू आलं. तुमचा पोस्टकोड घालून इन्शुरन्सचा भाव आधीच काढलेला असेल तर तोही शेजारी लिहा. मग आपली रोजची गाडी घेऊन घरी जा आणि पहिल्या चौकात स्टिअरिंग वळवताना काय वाटतं ते लक्षात ठेवा.

जमलं तर दुसरं इंजिन त्याच रस्त्यावर, दुसऱ्या दिवशी. मला स्वतःला १.५ जास्त आवडतं, कारण ते मर्यादेत राहूनही पूर्ण पिळता येतं आणि २ लिटरला सारखा लगाम लावावा लागतो, पण मोटरवेवर दोन माणसं आणि सामान घेऊन २ लिटर नक्कीच निवांत वाटतं. आणि दुसऱ्या दिवशी पाऊस असला तर अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका, छप्पर लावून जा, इथे वर्षातले कितीतरी दिवस ती तशीच चालवायची आहे.