गाडीत कुबट वास येतोय? आधी पाणी कुठून येतं ते शोधा

जुलै अर्धा सरला की कारचं दार उघडताच आतून ओल्या गोणपाटासारखा वास येऊ लागतो. मग डॅशबोर्डवर परफ्यूमची बाटली येते, महिन्याभराने दुसरी येते, आणि गाडीत कुबट मोगरा दरवळू लागतो. वास बुरशीचा असतो आणि बुरशी जगते पाण्यावर. त्यामुळे पाण्याची वाट सापडेपर्यंत परफ्यूम, फोम वॉश, डीप क्लीनिंग हा सगळा खर्च वाया जातो.

वाटा तशा मोजक्याच आहेत: एसीचं पाणी, पावसाचं पाणी, इंजिन थंड ठेवणारं कूलंट आणि आपण स्वतः छत्री-बुटांसोबत आत आणलेलं पाणी. यातलं नेमकं कोणतं, हे बहुतेक वेळा घरीच कळतं. त्यासाठी टॉर्च, जुनी वर्तमानपत्रं, पांढरा टिश्यू, बागेचा पाइप आणि मदतीला एक माणूस एवढं पुरतं.

वास कधी येतो, ते आधी बघा

दोन-चार दिवस नुसतं लक्ष ठेवा. एसी लावल्यावर पहिल्या मिनिटभरात वास येऊन नंतर विरत असेल, तर संशय एसीच्या कूलिंग कॉइलवर किंवा आत येणारी हवा गाळणाऱ्या केबिन फिल्टरवर घ्यायचा. एसी बंद असतानाही, विशेषतः गाडी रात्रभर बंद राहिल्यावर, वास भरून राहत असेल तर कार्पेट ओलं आहे. गोडसर वास आणि काचेवर आतून तेलकट थर म्हणजे कूलंट. आंबट वास असेल तर मागच्या सीटवर कधी दूध सांडलं होतं का, ते मुलांना विचारा. आणि दोन दिवसांत अचानक असह्य दुर्गंधी सुटली असेल, तर तो ओलीचा प्रश्नच नाही. बॉनेटखाली किंवा ब्लोअरजवळ उंदीर मेला असण्याची शक्यता जास्त.

मॅट काढा आणि हाताने चाचपा

वरवर हात फिरवून काही कळत नाही. कार्पेटखाली स्पंज किंवा नमद्याचं जाड पॅडिंग असतं. वरचं कार्पेट एका दिवसात सुकतं, खालचं पॅडिंग मात्र आठवडेच्या आठवडे पाणी धरून बसतं. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी हलक्या हाताने उचकटून कार्पेटचा कोपरा उचला आणि बोटं पार खालच्या पत्र्यापर्यंत घाला. चारही जागा तपासा. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यातही बघा. तिथे पाणी साचलेलं असूनही मालकाला वर्षभर पत्ता नसतो.

इथे एक मत स्पष्टच सांगतो. ते शिवलेले, सीटच्या कडेपर्यंत चढणारे 7डी मॅट कोकणात आणि मुंबईत बसवूच नयेत. ते धूळ अडवतात हे खरं, पण खाली गेलेली ओल वर येऊ देत नाहीत. ते बसवलेले असतील तर तपासणीसाठी काढावेच लागतील.

सीटखाली हात घालताना मात्र सांभाळून. तिथे वायरिंग असतं. पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगच्या यंत्रणेचे असतात, ते ओढू नका.

ओल कुठे सापडली यावरून दिशा मिळते. पुढे डावीकडे, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या पायाशी ओलं असेल तर पहिला संशय एसीच्या ड्रेन पाइपवर. पुढे उजवीकडे असेल तर वायपरखालून किंवा सनरूफमधून येणारं पावसाचं पाणी. मागच्या पायाशी असेल तर मागचं दार. डिकीत असेल तर डिकीचं रबर किंवा टेल लॅम्पचं पॅकिंग. पण हे ब्रह्मवाक्य नव्हे. गाडी उतारावर लावत असाल तर पाणी शिरतं एकीकडे आणि साचतं दुसरीकडे.

आता कार्पेट शक्य तितकं कोरडं करा, खाली वर्तमानपत्रं पसरा आणि एक दिवस पाऊस न लागता, पण एसी लावून गाडी चालवा. दुसऱ्या दिवशी एसी न लावता पावसात उभी ठेवा. कागद कोणत्या दिवशी भिजला, यावर निम्मं निदान होतं.

कागद एसीच्या दिवशी भिजला तर

थंड कॉइलवर हवेतली वाफ जमते आणि ते पाणी एका पाइपातून गाडीखाली पडतं. गाडी सपाट जागी उभी करून एसी पूर्ण क्षमतेवर 15-20 मिनिटं चालवा आणि खाली वाकून बघा. दमट हवेत पाण्याचं थारोळं दिसायलाच हवं. बाहेर थेंब नाही आणि आत कार्पेट ओलं, म्हणजे पाइप धूळ-कचऱ्याने तुंबलाय. (विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र धडधाकट गाडीतूनही फारसं पाणी पडत नाही, त्यामुळे तिथे ही परीक्षा पावसाळ्यातच घ्या.) पाइप साफ करणं मेकॅनिकसाठी थोड्या वेळाचं काम आहे. त्यात तार खुपसू देऊ नका, पाइप फाटतो किंवा आतलं काहीतरी दुखावतं.

कार्पेट कोरडं आहे पण वास एसीतूनच येतो, असं असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काळा पडला असेल, ओला असेल तर धुऊन वापरू नका, बदला. आणि एक सवय लावून घ्या: मुक्कामाला पोचण्याआधी तीन-चार मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवायचा. कॉइल बरीचशी सुकते आणि बुरशीला संधी कमी मिळते.

कागद पावसाच्या दिवशी भिजला तर

सुरुवात वायपरखालच्या जाळीपासून करा. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांची गाडी इथेच अडकते. ती बारीक पानं जाळीतून आत जातात, पाणी जायची भोकं बुजवतात, आणि साचलेलं पाणी ब्लोअरच्या वाटेने थेट आत येतं. पानं हातानेच काढा, पाण्याच्या जोराने आत ढकलू नका.

मग दारं. दाराच्या काचेवरून पाणी दाराच्या पोकळीत जातं, त्यात दोष काही नाही. ते खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं चिखलाने बुजली असतील तर काडीने मोकळी करा. दाराच्या आतल्या पॅनेलमागे एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर किंवा पॉवर विंडोचं काम करताना कुणी तो फाडून तसाच सोडला असेल तर पाणी केबिनमध्ये झिरपतं. त्यामुळे आठवून बघा, वास सुरू होण्याआधी गाडीत काय काम झालं होतं? स्पीकर, बाहेरून बसवलेला हॉर्न, फॉग लॅम्प, बदललेली पुढची काच? वायर आत घेताना काढलेलं रबरी बूच परत न बसवणं हा गॅरेजांमधला नेहमीचा निष्काळजीपणा आहे.

दाराचं रबर तपासायला एक कागदाची पट्टी ठेवून दार बंद करा आणि ओढा. जिथे ती सहज निघते तिथे रबर सैल आहे.

सनरूफ असेल तर त्याच्या कडेच्या पन्हळीत कोपऱ्याकोपऱ्यात कपभर पाणी हळूच ओता. ते गाडीखाली, चाकाजवळ किंवा दाराच्या बिजागरीजवळ बाहेर आलं पाहिजे. आलं नाही तर नळी तुंबलीय. जोराची हवा मारू नका, नळी आतल्या आत निसटली तर छताचं अस्तर काढावं लागतं.

एवढ्याने सापडलं नाही तर पाइप घ्या. एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर. पाणी साध्या धारेने, खालून वर: आधी दाराची खालची कड, मग काचा, मग पुढच्या काचेचा तळ, शेवटी छप्पर. प्रत्येक जागी पाचेक मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर तर नकोच, तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो.

कूलंटचा संशय असेल तर

ओल्या जागी पांढरा टिश्यू दाबा. रंगीत, चिकट डाग आला आणि कूलंटच्या टाकीतली पातळीही उतरत असेल, तर हीटरचा कोअर, म्हणजे गरम कूलंट फिरवून केबिनला ऊब देणारा छोटा रेडिएटर, गळतोय. गाडी गॅरेजला न्या. कूलंट विषारी असतं, मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना दूर ठेवा. गरम इंजिनवर झाकण उघडू नका.

सुकवताना

पॅडिंग पिळून काढता येत नाही. वेट व्हॅक्यूमने पाणी ओढा, कार्पेटखाली ठोकळे ठेवून हवा खेळू द्या, पंखा लावा. बंद गाडी उन्हात ठेवल्याने ओल बाहेर पडत नाही, दारं उघडी हवीत. पाऊस थांबतच नसेल तर एसी आणि हीटर एकत्र लावून, काचा बंद ठेवून गाडी चालवा: एसी हवेतली ओल काढतो, हीटर पॅडिंग सुकवतो. पॅडिंगलाच वास धरला असेल तर ते बदलणं शहाणपणाचं. खाण्याचा सोडा टाकायचाच तर सगळं सुकल्यावर, ओल्या कार्पेटवर त्याचा फक्त लगदा होतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी हीच तपासणी सौद्याआधी करावी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या, आणि कुठल्याही पुरानंतर अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येऊ शकतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. त्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसली, सीटच्या रुळांवर गंज दिसला आणि गाडीत परफ्यूमचा मारा असेल, तर किंमत विचारायच्या भानगडीत पडू नका.